चेहऱ्याची सर्जरी करायचीय पण 'केल्यासारखी' दिसायला नको, मग सर्जन कसा निवडायचा?

चेहऱ्याचं कॉस्मेटिक ऑपरेशन छान झालं असेल तर ते माणूस कोणाला सांगत नाही आणि बघणाऱ्यालाही कळत नाही. 'काय गं, बारीक झालीस का' एवढंच कोणीतरी विचारतं आणि विषय संपतो. म्हणजे ज्यांचं उत्तम झालंय त्यांच्याकडून सर्जनचं नाव आपल्यापर्यंत पोचतच नाही, पोचतात ती रील्समधली नावं आणि ज्यांचं बिघडलंय त्यांचे किस्से. त्यामुळे चार लोकांना विचारून डॉक्टर ठरवायची आपली नेहमीची पद्धत इथे फारशी चालत नाही, स्वतःच तपासावं लागतं, आणि ते कसं तपासायचं ते मी इथे सविस्तर लिहितेय. मुख्यतः नाक, पापण्या आणि फेसलिफ्ट (सैल पडलेला चेहरा आणि मान वर उचलून घट्ट करणं) या तीन ऑपरेशनबद्दल, आणि मुंबई-पुणे-नागपूर-नाशिककडे शोधणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नैसर्गिक दिसणं हे मशीनवर किंवा टेक्निकच्या भारी नावावर ठरत नाही, किती काढायचं आणि कुठे हात थांबवायचा हे ज्या सर्जनला कळतं त्याच्याकडे ते मिळतं. म्हणून तुम्ही शोधताय ते हे थांबणं.

सर्जनच्या आधी स्वतःचं ठरवा

एका वाक्यात लिहून काढा की नेमकं काय खटकतंय. 'सुंदर दिसायचंय' याचं ऑपरेशन होत नाही, 'बाजूने बघितलं की नाकावरचा उंचवटा दिसतो' याचं होतं, 'डोळे कायम दमलेले दिसतात' याचंही होतं. हे वाक्य पुढे प्रत्येक डॉक्टरसमोर तसंच्या तसं बोलायचं, म्हणजे कोण तेवढंच ऐकून उत्तर देतो आणि कोण त्यात हनुवटी, ओठ, गाल असं सगळं घुसवतो ते लगेच कळतं.

हिरॉइनचा फोटो घेऊन जाऊ नका. पापण्या किंवा फेसलिफ्ट असेल तर स्वतःचेच दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो न्या, लग्नाचा अल्बम न्या, कारण सर्जनला तुमचाच चेहरा मागे न्यायचाय, दुसऱ्याचा आणून बसवायचा नाहीये. नाकासाठी आई-वडिलांचा एखादा फोटो असला तर तोही उपयोगाचा. आपल्याकडे सगळ्यांना चाफेकळी नाक हवं असतं पण रुंद गालफडं आणि भरलेला जबडा असलेल्या चेहऱ्यावर ते चिमटा काढल्यासारखं दिसतं, आणि हे तोंडावर सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याचं नाव लिहून ठेवा.

वेळेचा हिशोबही आत्ताच करा. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, त्वचा जाड असेल तर शेंड्याची सूज त्याहूनही जास्त रेंगाळते. डिसेंबरात लग्न आणि ऑक्टोबरात नाकाचं ऑपरेशन असं करू नका, निदान सहा-आठ महिने तरी मध्ये ठेवा. वय कमी असेल तर नाकाची वाढ पूर्ण होऊ द्यावी लागते, मुलींची साधारण सोळाच्या आसपास होते, मुलांची त्यानंतर.

आणि हे जरा मनापासून वाचा. जर एखाद्या छोट्या गोष्टीचा विचार रोज तासन् तास होत असेल, आरशासमोरून हलवत नसेल, आणि घरच्यांना मात्र तिथे काही दिसतच नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. असा एक आजार खरोखर असतो आणि त्यात ऑपरेशनने समाधान होत नाही, एक दोष गेला की मन दुसरा शोधतं. चांगला सर्जन हे ओळखतो आणि ऑपरेशनला नाही म्हणतो.

पाटीवरची अक्षरं वाचायला शिका

'कॉस्मेटिक सर्जन', 'एस्थेटिक फिजिशियन', 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या शब्दांवर जाऊ नका, डिग्री बघा. प्लास्टिक सर्जनची डिग्री म्हणजे एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातलं डीएनबी, जे आता डीआरएनबी म्हणून लिहितात. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग साधारणपणे तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग तीन वर्षं एमसीएच, एवढा तो रस्ता आहे. नावापुढे डझनभर फेलोशिप आणि परदेशी संस्थांची सर्टिफिकेटं असतील पण ही मूळ डिग्रीच नसेल तर ती सर्टिफिकेटं दोन दिवसांच्या वर्कशॉपचीही असू शकतात. 'एमएस' दिसलं तर पुढे कंसात काय लिहिलंय तेही वाचा, जनरल सर्जरी आहे, ईएनटी आहे, नेत्र आहे की आयुर्वेद आहे. मी कोणत्या पॅथीला नावं ठेवत नाहीये, पण चेहऱ्याच्या नसांच्या शेजारी सुरी चालवायची असेल तर त्या कामाचं शिक्षण झालेलंच माणूस हवं.

मग रजिस्ट्रेशन. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या अॅलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, दर पाच वर्षांनी ती रिन्यू करावी लागते, आणि नाव किंवा नंबर टाकून ऑनलाइन बघता येते. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवरही देशभरच्या डॉक्टरांचं रजिस्टर आहे. फक्त नाव सापडलं म्हणून थांबू नका, पीजी आणि सुपरस्पेशालिटीची डिग्री तिथे नोंदवलेली आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, लोक लाखो रुपये भरतात आणि हे करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया ही 1957 पासूनची संघटना आहे, कॉस्मेटिकवाल्यांची इंडियन असोसिएशन ऑफ एस्थेटिक प्लास्टिक सर्जन्स वेगळी आहे. सभासदत्व असणं चांगलं, पण ते हातातल्या कौशल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

शिक्षण कुठे झालं हेही विचारा. केईएम, सायन, नायर, जेजे, ससून अशा मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांमध्ये जो शिकलाय त्याच्या हाताखालून भाजलेले, अपघातात चेहरा फाटलेले, दुभंगलेल्या ओठाची बाळं असे पेशंट गेलेले असतात. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तर डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, देशातला पहिला. मोडलेला चेहरा ज्याने परत जुळवलाय त्याला चांगला चेहरा कुठे मोडू शकतो ते माहीत असतं.

कोणत्या ऑपरेशनला कोण

सगळं एमसीएचवालाच करू शकतो असंही नाही. नाकाच्या बाबतीत चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीचं जास्तीचं ट्रेनिंग घेतलेले काही ईएनटी सर्जन फार सुंदर काम करतात, कारण नाकाच्या आतली बाजू त्यांना पाठ असते. पापण्यांसाठी ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे डोळ्याभोवतीची प्लास्टिक सर्जरी, शिकलेले डोळ्यांचे डॉक्टर उत्तम. जबडा मागे-पुढे असेल तर मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचे, सर्जन. आणि उलट बाजूने, एमसीएच असूनही एखाद्याचा सगळा धंदा लायपोसक्शनचा असेल तर त्याच्याकडून नाक करून घ्यायला मी तरी जाणार नाही. म्हणून सरळ विचारायचं, 'हे ऑपरेशन तुम्ही महिन्यातून किती वेळा करता?' आकडा ऐकताना डॉक्टर सहज बोलतोय की विषय फिरवतोय तेही बघा.

फोटो बघताना

आफ्टरच्या फोटोत रिंग लाइट, मेकअप, मोकळे सोडलेले केस आणि हलकं स्माइल, आणि बिफोरमध्ये ट्यूबलाइटखाली पडलेला चेहरा, असं असेल तर त्या फोटोंना काही किंमत नाही. दोन्ही फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, मेकअपशिवाय हवेत. नाकासाठी समोरून, दोन्ही तिरप्या बाजूंनी, दोन्ही पूर्ण बाजूंनी आणि खालून नाकपुड्या दिसतील असा एक. बहुतेक ठिकाणी फक्त बाजूचा फोटो दाखवतात कारण उंचवटा गेलेला तिथे झकास दिसतो, समोरून मात्र नाक वाकडं किंवा मधून दबलेलं असू शकतं. आणि ऑपरेशननंतर किती दिवसांनी काढलाय ते विचारा, महिन्याभराचा फोटो म्हणजे अर्धी सूजच, वर्षानंतरचे मागा.

फेसलिफ्टमध्ये मी आधी कान बघते. कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसत असेल तर त्वचा ताणून शिवलीय. मग तोंडाचे कोपरे, ते कानाकडे खेचल्यासारखे नकोत. कानाजवळचे केस वर सरकून तिथे मोकळी जागा पडलीय का, तेही बघा. आपल्याकडच्या बायका अंबाडा घालतात, घट्ट वेणी घालतात, त्यात कानामागचा आणि मानेवरचा व्रण स्पष्ट दिसतो, म्हणून केस बांधलेले फोटोच बघायचे. पापण्यांमध्ये डोळ्याखाली खड्डा पडलाय का, खालची पापणी खाली लोंबून पांढरा भाग जास्त दिसतोय का. आणि एकाच डॉक्टरच्या सगळ्या पेशंटची नाकं सारखीच दिसायला लागली तर तिथून निघा, तो चेहरा बघत नाही, साचा वापरतो.

तुमच्यासारखा चेहरा, तुमच्यासारखी त्वचा, तुमच्या वयाचे पेशंट दाखवा म्हणायचं. आपली त्वचा बऱ्याचदा जाड असते, डाग काळे पडतात, व्रण वाढू शकतो, गोऱ्या परदेशी पेशंटचे फोटो बघून आपल्याला काय कळणार. आणखी एक, जो डॉक्टर दुसऱ्यांचे फोटो बिनधास्त व्हॉट्सअॅपवर पाठवतो तो उद्या तुमचेही पाठवेल. फोटो वापरायची संमती वेगळी असते आणि ती नाकारता येते.

कन्सल्टेशन, इथे सगळं कळतं

निदान दोघांना, जमल्यास तिघांना भेटा, फी गेली तर जाऊ दे. आणि डॉक्टरलाच भेटा, काउन्सेलर नावाच्या माणसाला भेटून पॅकेज ठरवू नका.

नाकासाठी गेलात तर डॉक्टरने आत लाइट टाकून बघायलाच हवं. आपल्याकडे 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात ते बहुतेक वेळा मधला पडदा वाकडा असतो, तो न बघता नुसतं बाहेरून बारीक केलं तर दिसायला छान आणि श्वास घ्यायला त्रास, तोही कधी कधी काही वर्षांनी सुरू होणारा. जोरात श्वास घ्यायला लावून नाकाच्या बाजू आत बसतात का, शेंडा दाबून आधार किती आहे, त्वचा किती जाड आहे, हसताना शेंडा खाली येतो का, हे सगळं तपासलं गेलं पाहिजे. हनुवटीही बघितली पाहिजे, कारण ती मागे असली की नाक उगाच मोठं वाटतं. आपल्या बऱ्याच नाकांना काढण्यापेक्षा आधार द्यायची गरज असते, तो आधार मधल्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतलेल्या मऊ हाडाचा करतात. सिलिकॉनचा तुकडा बसवायचा सोपा रस्ता कोणी सुचवला तर तो सरकण्याचा, इन्फेक्शनचा, त्वचेतून बाहेर येण्याचा धोका सांगितला का ते बघा.

माझ्या मावशीच्या वरच्या पापण्या इतक्या लोंबल्या होत्या की वाचताना त्रास व्हायचा. ज्या डॉक्टरांकडे शेवटी केलं त्यांनी आधी तिच्या कपाळावर हात ठेवून भुवया स्थिर धरल्या आणि मग डोळे उघडायला सांगितले, कारण पापणी जड झाली की माणूस नकळत भुवया वर उचलून बघतं, आणि पापणी हलकी झाली की त्या भुवया खाली येतात, हे धरलं नाही तर हिशोब चुकतो. खालची पापणी ओढून सोडली, ती पटकन जागेवर येते का बघायला. डोळे कोरडे पडतात का, थायरॉइड आहे का, विचारलं. मला तेव्हाच वाटलं की इथे हरकत नाही.

फेसलिफ्टला गेलात तर नुसती त्वचा ओढणार की खालचा थर उचलणार, हे विचारा. त्वचेच्या खाली स्नायू आणि आवरणाचा एक थर असतो ज्याला एसएमएएस म्हणतात, 1976 मध्ये फ्रान्समधल्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि तेव्हापासून या ऑपरेशनचा विचारच बदलला. ताण या थरावर दिला की त्वचा सैल शिवता येते आणि चेहरा ओढलेला दिसत नाही. पण त्याच्या खालूनच चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या जातात, त्यामुळे हे शिकलेल्याच हातात हवं. 'डीप प्लेन' (या थराच्या खाली जाऊन तो उचलायची पद्धत) हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, नुसता शब्द ऐकून भुलू नका, वीसेक मिनिटं बसून कागदावर चित्र काढून समजावतो का ते बघा.

व्रणाची प्रवृत्तीही डॉक्टरने बघावी. कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का, दंडावरचा बीसीजीचा डाग फुगलेला आहे का, हे सांगा.

आणि तंबाखू. डॉक्टर विचारतात 'स्मोकिंग?', आपल्या काकू-मावश्या 'नाही हो' म्हणतात आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री, गुटखा, तंबाखू, सगळ्यात निकोटिन आहे, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि फेसलिफ्टमध्ये कानामागची त्वचा काळी पडून मरू शकते. निदान महिनाभर आधी पूर्ण बंद आणि नंतरही बंद, आणि डॉक्टरला खरं सांगायचं, सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना बाहेर पाठवून सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, लसणाच्या किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल, काढे, सगळं सांगा, पण हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

मोजमापाबद्दल एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये पुण्याकडच्या एका ऑपरेशनचं वर्णन छापून आलं होतं. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा माणूस, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलेलं, आणि इथल्या एका विटा भाजणाऱ्या समाजातल्या कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. त्याने आधी मेणाचं नाक करून बसवून बघितलं, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवून रेघ आखली आणि मगच कापलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे होत होतं ते आज मोबाइलवर दोन फोटो मागवून 'हो होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडे होत नसेल तर काय म्हणायचं! कॉम्प्युटरवर नाक बदलून दाखवतात ते मात्र बोलणं सोपं व्हावं म्हणून, तसंच होईल याची ती गॅरंटी नसते.

हे प्रश्न लिहून न्या

ऑपरेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्हीच करणार ना? यात सगळ्यात जास्त काय बिघडू शकतं आणि तुमच्या पेशंटमध्ये ते झालं तेव्हा तुम्ही काय केलंत? मनासारखं झालं नाही तर दुरुस्ती कधी करता आणि तिचा खर्च कोण देतं? मी हे ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. 'माझ्याकडे कधी काही झालं नाही' म्हणणाऱ्याने एकतर कमी ऑपरेशन केलीत किंवा तो खरं बोलत नाहीये. फेसलिफ्टनंतर पहिल्या दिवसात त्वचेखाली रक्त साचणं हा नेहमीचा धोका आहे, पुरुषांमध्ये आणि बीपीवाल्यांमध्ये जास्त. खालच्या पापणीच्या ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्त साचून नजर जाणं फार क्वचित होतं, पण ती इमर्जन्सी असते, म्हणून जोरात दुखलं किंवा अंधुक दिसलं तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा हे नंबरासकट माहीत हवं, रिसेप्शनचा नंबर चालणार नाही.

आणि तुम्ही काही जास्तीचं मागून बघा. विशीतली मुलगी 'गालातली चरबीही काढून टाका' म्हणाली तर चांगला सर्जन तिला थांबवतो, कारण वयाबरोबर चेहरा तसाही सुकतो आणि चाळिशीत ते गाल खप्पड दिसतात. जो प्रत्येक मागणीला हो म्हणतो त्याच्याकडे नैसर्गिक रिझल्ट मिळणार नाही.

हॉस्पिटल आणि भूल

भूल देणारा एमडी अॅनेस्थेशियाच हवा, त्याचं नाव आधी विचारा, आणि ऑपरेशनच्या आधी त्याची तपासणी व्हायलाच हवी. हॉस्पिटल रजिस्टर्ड आहे का, काही झालं तर आयसीयू तिथेच आहे की अॅम्ब्युलन्सने जावं लागेल, विचारा. सलूनच्या वरच्या मजल्यावरच्या क्लिनिकमध्ये गुंगी देऊन फेसलिफ्ट, हे नकोच. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता, असेल तर चांगलं.

चेहरा भरायला इंजेक्शनने टोचतात त्या फिलरलाही हेच लागू आहे, तिथे सुरी नसते म्हणून लोक निर्धास्त असतात. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. हायलुरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवणारं इंजेक्शन क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का, ते विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

पैसे

'आजच बुक केलंत तर इतके टक्के कमी' म्हणणारी जागा सोडा. लेखी हिशोब मागा ज्यात सर्जन, भूल, हॉस्पिटल, औषधं, फॉलोअप आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेत. जन्मजात दोष किंवा अपघातानंतरची सर्जरी सोडली तर कॉस्मेटिक सर्जरीवर जीएसटी लागतो आणि बऱ्याच जणांना तो शेवटच्या बिलात दिसतो. मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक बसत नाही, पण श्वासासाठी पडदा सरळ करायचा असेल तर तेवढा भाग बसू शकतो. मात्र सगळंच ऑपरेशन श्वासाचं म्हणून लिहून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहा, जो विमा कंपनीशी खोटं बोलतो तो तुमच्याशीही बोलेल. स्वस्त महाग यापेक्षा दुरुस्तीचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा नेहमी अवघड आणि बहुतेक वेळा महाग असतं, एवढं लक्षात ठेवा.

बाहेरगावहून येत असाल तर

सोलापूर-लातूर-कोल्हापूरहून मुंबई-पुण्याला किंवा दुबई-अमेरिकेहून सुट्टीत येऊन करणारे बरेच आहेत. नाकावर आधारासाठी बसवलेला कडक स्प्लिंट साधारण आठवड्याने निघतो, काळंनिळं उतरायला दोन आठवडे, तेवढं तरी त्याच शहरात राहा, आणि महिना, तीन महिने, वर्ष अशा भेटी कशा होणार ते आधीच ठरवा. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही, नथीसाठी नाक नव्याने टोचायचं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा, दाबाची नथही नको. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि टोपी, नाहीतर व्रण काळे पडतात.

डिस्चार्ज घेताना ऑपरेशनची पूर्ण नोट मागा, काय काढलं, कुठून घेऊन कुठे बसवलं, कुठले टाके, हे सगळं लिहिलेली, नुसती डिस्चार्ज समरी नव्हे. आधीच्या फोटोंची कॉपीही घ्या. काही मनासारखं वाटलं नाही तर नाकाच्या बाबतीत वर्षभर तरी दुसरं ऑपरेशन करू नका आणि त्याच डॉक्टरकडे आधी जा, त्याला आत काय केलंय ते माहीत असतं. दुसऱ्याकडे जायची वेळ आलीच तर तो सगळ्यात आधी हीच नोट मागेल.